आपल्याच नावावर हरकत

अण्णांच्या छातीचं ऑपरेशन करायचं ठरलं, तेव्हा पैसे कुणी द्यायचे हे घरात कुणी विचारलंच नाही. विचारायचं कशाला? ज्याच्यापाशी आहेत तो देणार, आणि जिच्यापाशी होते ती थोरली सून पुढच्या खोलीत जमिनीवर बसून पाकिटांना खळ लावत होती. रविवारी सकाळी अकरा वाजता बाकीचे जमले होते ते फक्त तिला हे गोड शब्दांत सांगायला.

थोरली ओळखून होती. लग्नाला वीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत या घराची नाडी तिला डोळे मिटून सापडायची. आज आईंनी स्वतः उठून चहा केला आणि पहिला कप अण्णांना न देता तिच्यापुढे ठेवला, तेव्हाच ती काय ते समजली.

"राहू दे गं ते. हात पूस आणि चहा घे आधी," आई म्हणाल्या.

"शंभर पाकिटं राहिलीत, आई. खळ वाळली की फुकट जाते."

ती बसली होती त्या जागेच्या चारही कोपऱ्यांत जमिनीला एकेक भोक होतं. तिथे कागद कापायचं मशीन बोल्टनी घट्ट बसवलेलं असायचं, अण्णांच्या बाइंडिंगच्या दुकानाचं. दुकान म्हणजे हीच खोली. मशीन जाऊन आठ वर्षं झाली, तरी घरातली माणसं अजून त्या चौकोनाला वळसा घालून जात. थोरली मात्र मुद्दाम तिथेच बसायची. आपल्यामुळे मोकळी झालेली जागा आपणच वापरावी, असा तिचा हिशेब होता.

अण्णा खाटेवर उशीला टेकून होते. चाळीस वर्षं वह्या-रजिस्टरं शिवून बोटं वाकडी झालेली, पण मान अजून ताठ. थोरला मुलगा उंबऱ्याशी बसला होता. तो आता दुसऱ्याच्या प्रेसमध्ये दुसऱ्याच्या मशीनवर कागद कापायचा. धाकटा माल पोचवायची गाडी चालवायचा, त्याने मोबाइल पालथा घालून मांडीवर ठेवला होता. त्याची बायको, धाकटी, हॉस्पिटलात नोकरीला. तिची ड्युटी बाराला सुटायची.

"डॉक्टरांनी आकडा सांगितला," धाकट्याने घसा साफ केला. "दोन लाख दहा हजार. औषधं वेगळी. आणि पंधरा दिवसांच्या वर थांबू नका म्हणाले."

त्याने थोरलीकडे बघितलं.

"माझं तर, वहिनी, तुम्हाला माहीतच आहे. गाडीचा हप्ता जाऊन हातात उरतं काय?"

"माहीत आहे, भाऊजी."

"मग तेवढे ते नव्वद हजार," आई म्हणाल्या, आणि पुढचं कपात बघत म्हणाल्या, "मास्तरणीच्या फीचे."

मास्तरीण म्हणजे थोरलीची मुलगी. सहा वर्षांची असल्यापासून सगळ्यांची गणितं दुरुस्त करायची, म्हणून हे नाव. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि वीस तारखेपर्यंत फी भरायची होती. आज ती क्लासला गेली होती. तिला घरात नसताना हे बोलायचं, एवढी अक्कल सगळ्यांना होती.

"आणि वरचे, औषधं धरून, सव्वा लाख?" थोरलीने विचारलं.

"मी पतपेढीत जाऊन आलो," धाकटा म्हणाला. त्याला एकदम बरं वाटल्यासारखं दिसलं. "तुमच्या नावावर उद्याच्या उद्या देतो म्हणाले. मॅनेजर स्वतः म्हणाला, शहाण्णव हप्त्यांत त्या बाईंचा एक चुकला नाही, त्यांना कोण नाही म्हणेल? नुसती सही हवी."

"चौऱ्याण्णव," थोरली म्हणाली. "दोन राहिलेत."

तिने फळीवरून पावत्यांची वही काढून दाखवली. ही वही तिने स्वतः शिवली होती. दर महिन्याची पावती आली की आत दोऱ्याने टाचायची. वर निळं कापड, आणि पाठीवर थोरल्याच्या सुरेख अक्षरात एकच शब्द, 'ऑपरेशन'. आठ वर्षांपूर्वी तिचं पित्ताशय फुटलं, एकोणीस दिवस ती हॉस्पिटलात होती आणि एक लाख साठ हजार लागले. साठ हजार मशीन विकून आले, एक लाख पतपेढीतून. मशीन गेल्यावर दुकानही गेलं. ती घरी आली ती चालत आली, पण मान खाली घालून आली, आणि आठव्या दिवशी पहिली पाकिटं करायला बसली. आपल्या दुखण्याचे पैसे आपण फेडायचे, असं तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. आईंनी मात्र सांगितलं होतं, तेही येईल-जाईल त्याच्यासमोर. "सूनबाईच्या आजारपणात दुकान बसलं हो."

"तुझ्या वेळी कुणी मागे-पुढे पाहिलं होतं का?" आई आता म्हणाल्या. आवाज मऊ होता. "उभं मशीन विकलं त्यांनी. आज त्यांच्यावर वेळ आली."

थोरलीने नवऱ्याकडे बघितलं. तो उंबऱ्याच्या लाकडातला एक खिळा नखाने कुरतडत होता. त्याने काही बोलावं असं तिला फार वाटलं. निदान मुलीचं नाव घ्यावं. तो खिळाच कुरतडत राहिला.

"करते सही," ती म्हणाली. "मास्तरणीला सांगते, वर्षभर थांब."

अण्णांनी डोळे मिटले. आईंनी पदराला हात पुसले. धाकट्याने मोबाइल सुलटा केला. इतकं सोपं जाईल असं त्यांनाही वाटलं नसावं.

तेवढ्यात धाकटी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात प्लास्टिकची पिशवी, उन्हाने चेहरा लाल. या दोघी जावांचं काही फार जमत नव्हतं. धाकटी घरात येऊन तीनच वर्षं झालेली, ती ओळखपत्र घालून भाजीलाही जाते असं थोरली म्हणायची, आणि खोटं नव्हतं ते.

"सही कसली?" तिने चपला काढता काढताच विचारलं.

धाकट्याने सांगितलं.

"आणि तुम्ही हो म्हणालात, ताई?"

"मग काय करू?"

धाकटी खाली बसली. पाणीही मागितलं नाही. "मी कुठल्या खिडकीवर बसते माहीत आहे ना? गरिबांच्या कार्डाच्या. माझ्या समोरून रोज दोन तऱ्हेची माणसं जातात. कार्डवाला फुकटात ऑपरेशन करून घरी जातो आणि पुढच्या महिन्याचा हप्ताही भरतो, मग तो हप्ता गाडीचा असो की शिलाई मशीनचा. बिनकार्डवाल्याचा पेशंट बरा होतो आणि घर आजारी पडतं. आधी हप्ते थकतात, मग भांडी विकतात, मग पोरांच्या शाळा सुटतात. तुमची पतपेढीसुद्धा हल्ली कर्ज देताना पहिलं काय विचारते? कार्ड आहे का. कारण कार्डवाले बुडवत नाहीत."

"आपल्याला कुठे आहे कार्ड?" धाकटा म्हणाला.

"तेच. शेजारच्या पाचही घरांना आहे, आपल्यालाच कसं नाही? आपण काय त्यांच्याहून शेठ? म्हणून मी सरकारी ऑफिसातल्या मैत्रिणीला गरिबांच्या जुन्या याद्या बघायला लावल्या." तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला, पण उघडला नाही. "अण्णांचं नाव होतं. पहिल्याच यादीत होतं, आठ वर्षांपूर्वीच्या."

"होतं म्हणजे?"

"यादी ऑफिसच्या भिंतीवर लावतात. पंधरा दिवस हरकती घेतात. ज्याला वाटेल की अमका गरीब नाही, त्याने लिहून द्यायचं. लोक शेजाऱ्यावर हरकत घेतात, चुलतभावावर घेतात. आपल्याच नावावर हरकत घेतलेला माणूस मी पहिल्यांदा बघितला." तिने सासऱ्यांकडे बघितलं. "अण्णा, मार्चात तुम्ही लिहून दिलंत की आमची ऐपत आहे, आमचं नाव काढा. त्यांनी काढलं. ताई हॉस्पिटलात कधी गेल्या?"

जूनमध्ये, हे कुणालाच सांगावं लागलं नाही.

आईंच्या हातातला कप बशीवर जरा वाजला. त्यांना तो दिवस कालच्यासारखा आठवत होता. त्याच सरकारी ऑफिसचं काम तेव्हा नमुन्यापुरतं मिळालं होतं, चार रजिस्टरं शिवायला आली होती. पसंत पडली तर वर्षाचा ठेका. अण्णा पानं जुळवून सुई घालत होते आणि एका पानावर त्यांचा हात थांबला. ती रजिस्टरं गरिबांच्या याद्यांची होती, आणि त्यात त्यांचं स्वतःचं नाव होतं, बापाच्या नावासकट, घरातल्या माणसांच्या संख्येसकट. त्यांनी ते आईंना वाचून दाखवलं. आई म्हणाल्या होत्या, असू दे की, कुणी फुकट देत असेल तर आपलं काय जातं? त्यावर ते जेवले नव्हते. आणि मग जूनमध्ये हॉस्पिटलच्या खिडकीतल्या बाईने विचारलं, कार्ड आहे का. आईंनी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी छताच्या पंख्याकडे. आई गप्प बसल्या. तिथे एकदा गप्प बसल्यावर पुढे काहीतरी बोलत राहणं भाग होतं, म्हणून त्या सुनेच्या आजारपणाबद्दल बोलत राहिल्या. इतक्यांदा बोलल्या की त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

"अण्णा, हे खरं आहे?" धाकट्याने विचारलं.

"ठेक्याला ऐपतीचा दाखला लागतो," अण्णा म्हणाले. आवाज बारीक, पण पीळ तोच. "एका हातात ऐपतीचा दाखला आणि दुसऱ्या हातात गरिबीचं कार्ड घेऊन उभा राहिलो असतो तर कोण दारात उभं करणार होतं? ज्या साहेबाला बिल द्यायचं, त्याच्याच भिंतीवर माझं नाव. भिकाऱ्यांत. जाणारा-येणारा वाचतोय."

"शेजारी काय भिकारी आहेत?"

"शेजाऱ्यांचं दुकान नव्हतं. पाटी नव्हती त्यांची. धंद्यात झाकली मूठ सव्वा लाखाची असते. तुम्हाला नाही कळायचं."

"आपली एक लाख साठ हजाराची झाली, अण्णा," थोरली म्हणाली.

एवढं ती पहिल्यांदाच बोलली होती, तेही खळीचा ब्रश वाटीत ठेवता ठेवता. अण्णांनी तिच्याकडे बघितलं आणि मग खाटेच्या पायथ्याकडे.

"मला काय माहीत तू आजारी पडशील," ते म्हणाले. "माणूस काय सांगून आजारी पडतो?"

"म्हणूनच तर ते कार्ड असतं," धाकटी म्हणाली.

"तू मध्ये बोलू नको गं," आई म्हणाल्या.

"का नको?" धाकटा उठून उभा राहिला. वळसा घालायचं विसरून तो सरळ त्या चौकोनावर आला. "मी दुसऱ्या वर्षाला होतो डिप्लोमाच्या. तुम्ही म्हणालात, वहिनीच्या ऑपरेशनमुळे फी भरता येत नाही, गाडी शीक. मी वर्षभर या बाईशी धड बोललो नाही. तिच्या हातचं पाणी घेत नव्हतो मी, अण्णा. ती समोर पेला ठेवायची आणि मी उठून माठातलं घ्यायचो. तुम्ही इथेच बसलेले असायचात. बघत होतात."

अण्णांनी चादर छातीपर्यंत ओढली.

"आणि ठेका? ज्याच्यासाठी हे सगळं केलंत? मशीन विकल्यावर ठेका कुठे राहिला?"

"ओरडू नको त्यांच्यावर. छाती दुखेल," आई म्हणाल्या. पण त्या खाटेपासून उठल्या होत्या आणि कुठे बसावं ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्या थोरलीच्या शेजारी, पाकिटांच्या गठ्ठ्याला टेकून बसल्या. थोरलीने गठ्ठा जरा सरकवला, त्यांना जागा व्हावी म्हणून, सवयीने.

उंबऱ्यावर थोरला अजून तसाच होता. त्याच्या मनात एकच गोष्ट होती, तो कागद घडीतच राहावा. धाकटीने तो उघडला नव्हता. तारीख सांगितली, मजकूर सांगितला, आता बाकी काय राहिलं? फाडून टाकता आला असता. त्याला बायकोचा राग सहन झाला असता, तिला सवय नव्हती रागवायची, दोन दिवसांत ओसरला असता. आठ वर्षं तो हेच करत आला होता. रोज सकाळी ती ब्रश घेऊन बसायची तेव्हा त्याला वाटायचं, आज सांगावं. मग वाटायचं, महिन्याचे अठराशे तर जातातच आहेत, सांगून काय कमी होणार? एकदा तिने कौतुकाने वही पुढे केली, पाठीवर नाव घाला म्हणाली, तुमच्यासारखं अक्षर कुणाचं नाही. त्याने घातलं.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "उगाच जुनं उकरून काय मिळणार आहे? आता पुढचं बघू."

थोरलीने मान वळवली. तासाभरात त्याने काढलेला हा पहिला शब्द. मुलीच्या फीवर गप्प, सव्वा लाखाच्या सहीवर गप्प, आणि तोंड उघडलं ते हे बंद करायला.

"बघू तो कागद," ती धाकटीला म्हणाली.

"काय करायचंय बघून?" थोरला म्हणाला. "सांगितलं ना तिने सगळं."

तिने हात पुढे केला. बोटांना खळ होती, ती तिने साडीला पुसली. धाकटीने घडी उघडून कागद दिला.

तिने वाचला नाही. वाचायची गरजच पडली नाही. खाली सही अण्णांची होती, वाकडीतिकडी. वरचा मजकूर सुरेख होता. लिहिणाऱ्याने आधी आडवी रेघ मारली होती, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग खाली अक्षरं लावली होती. रेघ शेवटच्या अक्षराच्या पुढे बोटभर गेलेली. रजिस्टरांच्या पाठीवर नावं घालणारे असंच लिहितात, आणि या घरात तसं लिहिणारा एकच होता.

तिने फळीवरची निळी वही परत काढली आणि कागदाशेजारी जमिनीवर ठेवली. पाठ वर करून. 'ऑपरेशन'. त्याही रेघेचं टोक बोटभर पुढे गेलेलं.

धाकटीने वाकून बघितलं आणि हळूच मागे सरकली. धाकट्याला समजायला जरा वेळ लागला. मग तो म्हणाला, "दादा."

"अण्णांनी सांगितलं, मी लिहिलं," थोरला म्हणाला. "मला काय माहीत होतं..."

"मार्चात माहीत नव्हतं," थोरली म्हणाली. "जूनमध्ये होतं. आणि ही वही रंगवलीत तेव्हा होतं."

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तीन-चार किका ऐकू आल्या. थोरली रडेल असं आईंना वाटलं, त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती रडली नाही. तिला राग आला होता, आणि त्या रागात तिला सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं.

"नवा अर्ज करता येतो?" तिने धाकटीला विचारलं.

"येतो. पेशंट असला तर आठ दिवसांत करून देतात. मी मागे लागेन. पण घरातल्या मोठ्याने लिहून द्यावं लागतं, आणि खिडकीवर सही करावी लागते. सगळ्यांसमोर."

"मी देणार नाही," अण्णा म्हणाले. "मेलो तरी चालेल."

"तुम्हाला चालेल," थोरली म्हणाली. "सव्वा लाख माझ्या नावावर होणार होते. ते मला चालणार नाहीत. माझी पोर वीस तारखेला फी भरणार आहे. आता मी कशावरही सही करणार नाही, अण्णा. तुम्ही करा, नाहीतर राहू द्या."

अण्णांनी आईंकडे बघितलं. चाळीस वर्षांत त्यांनी तिकडे बघितलं की बाजू घेतली गेली होती. आई थोरलीच्या शेजारून हलल्या नाहीत.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, असू दे नाव," त्या म्हणाल्या. "पण मोठ्याने म्हटलं नाही. ते चुकलं माझं." मग त्यांनी फळीवर चाचपडून अण्णांचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि नेऊन खाटेवर ठेवला. अण्णांनी तो बराच वेळ उचलला नाही. मग उचलला.

थोरलीने पाकिटांच्या कागदातला एक कोरा ताव ओढला आणि नवऱ्यासमोर उंबऱ्यावर ठेवला. वर पेन ठेवलं.

"लिहा."

"अगं, ऐक तरी..."

"रेघ मारा आधी. मागच्यासारखीच."

त्याने रेघ मारली. ती सरळ आली.

"आम्ही गरीब आहोत," ती सांगू लागली. "आठ वर्षांपूर्वी आम्हीच आमचं नाव काढून घेतलं. घरात मशीन नाही, दुकान नाही. एक माणूस आजारी आहे."

तो लिहीत होता. अण्णा चष्मा घालून भिंतीकडे बघत होते.

"पतपेढीचं कर्ज आहे, दोन हप्ते बाकी आहेत. लिहिलं?"

"ताई, ते नाही लागत अर्जात," धाकटी हळूच म्हणाली.

"त्यांना लागत नसेल. ह्यांना लिहू दे."

त्याने तेही लिहिलं. तिने ताव धाकटीच्या हातात दिला, आणि निळी वही उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

"हे दोन हप्ते आता तुम्ही भरायचे. आणि पाठीवरचं खोडा."

"खोडून काय लिहू?"

"ठेका," ती म्हणाली.

ती परत चौकोनात जाऊन बसली. वाटीतली खळ वाळून कडक झाली होती, म्हणून तिने थोडं पाणी घातलं आणि ढवळत राहिली. उंबऱ्यावर त्याने वही उभी धरली, जुना शब्द काळा केला, आणि त्याखाली सवयीने आधी रेघ मारली.